वाळूच्या आधाराने जगणारा घडियाल

चंबळ हे नाव उच्चारताच आम्हां ग्वाल्हेरकरांच्या डोळ्यांपुढे तिच्या काठच्या घळी आणि तेथील दरोडेखोरांच्या कथा उभ्या राहतात. परंतु इंदूरजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावून यमुनेस मिळणाऱ्या या नदीने एका अतिप्राचीन प्राण्याचा वंश राखला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. तो प्राणी म्हणजे घडियाल.

घडियाल हा मगरीचाच भाऊबंद. पण मगरीप्रमाणे तो गुराढोरांवर झडप घालीत नाही. मासे हेच त्याचे मुख्य अन्न. त्याचा जबडा लांब, चिमट्यासारखा निमुळता असून त्यात शंभराहून अधिक अणकुचीदार दात असतात. अरुंद जबड्यास पाण्याचा विरोध थोडा होतो. त्यामुळे तो झटकन आडवा फिरवून घडियाल चपळ मासाही पकडतो. प्रौढ नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा उंचवटा येतो. हिंदीत मडक्यास ‘घडा’ म्हणतात. त्यावरूनच हे नाव पडले.

जलचर म्हणून मिळालेल्या या कौशल्याची किंमतही त्याला द्यावी लागते. जमिनीवर प्रौढ घडियालाला शरीर उचलून चालता येत नाही; पोट घासत सरकावे लागते. म्हणून खोल पाण्यालगतची वाळू हाच त्याचा आसरा. थंडीत तो तेथेच ऊन खातो. मार्च-एप्रिलमध्ये मादी वाळूत खड्डा करून साधारण तीस ते पन्नास अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या वाळूच्या उष्णतेवर ठरते! सुमारे दोन महिन्यांनी अंड्यांतून चिवचिव ऐकू येते आणि आई वाळू उकरून पिल्लांना बाहेर काढते. पुढे नरही पहारा करतो. अनेक पिल्ले त्याच्या पाठीवर बसलेली दिसतात. हे सारे पावसाळ्यापूर्वी उरकावे लागते. तरीही पहिल्या पुरात बहुतेक पिल्ले वाहून जातात.

धरणे, मासेमारीची जाळी आणि वाळूचा उपसा यांमुळे १९७० नंतरच्या दशकात जंगलातील घडियाल दोनशेहूनही कमी उरले होते. १९७५ साली भारत सरकारने मगर-संवर्धनाची योजना हाती घेतली. पुढे चंबळेचा मोठा भाग अभयारण्य झाला. मुरैन्याजवळ देवरी येथे नदीकाठची अंडी आणून उबवितात आणि पिल्ले सुमारे चार फूट लांब झाली की त्यांना नदीत सोडतात. हे प्रयत्न चालू असतानाही २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळेत शंभराहून अधिक घडियाल मेले. एवढे जपूनही हा वंश किती नाजूक आहे, हे त्यावरून कळते.

आज त्याला सर्वांत मोठे भय चोरट्या वाळू-उपशाचे आहे. आपल्या घरांच्या भिंती ज्या वाळूने उभ्या राहतात, तीच वाळू कोणाचा तरी पाळणा असते. नदीवरून वाळूने भरलेली गाडी जाताना दिसली, तर एवढे आपण अवश्य आठवू या.