किती देते, त्याआधी किती फिरतेस?

भाचीबाई, नोकरीला लागून दोन दिवाळ्या झाल्या, आता गाडी घ्यायची आणि तीही मागे डिकी असलेली, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. घे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण गाडीच्या हौसेला असतं आणि ते दर महिन्याला मोजावं लागतं. माझी सगळी हयात गॅरेजात गेली. गाडी घेऊन झाल्यावर "मिस्त्री, ही अ‍ॅव्हरेज का देत नाही?" असं विचारणारे रोज यायचे. घ्यायच्या आधी विचारणारे बोटावर मोजण्याइतके. तू आधी विचारलंस, म्हणून जरा बैठक मारून सांगतो.

सगळे विचारतात, गाडी किती देते? तू आधी स्वतःला विचार, मी किती फिरते? रोजची तुझी कंपनीची बस आहे. ती सोडू नकोस. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये स्वतःचं पेट्रोल जाळण्यात कसला आलाय शहाणपणा. मग उरलं काय, तर शनिवार-रविवारचं पुण्यातलं फिरणं आणि महिन्यातून एकदा कराड. कराड जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर, बाकीचं पावणेचारशे. महिन्याचं रनिंग झालं सातशे.

आता कागद घे. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. गाडीनं १६ चा अ‍ॅव्हरेज दिला तर महिन्याला साडेचार हजारांचं पेट्रोल. १८ चा दिला तर चार हजारांचं. फरक पाचशे रुपयांचा, वर्षाचे सहा हजार. म्हणजे लिटरमागं दोन किलोमीटर जास्त मिळतात म्हणून कुणी लाखभर रुपये महाग गाडी तुझ्या गळ्यात मारली, तर ते लाख वसूल व्हायला सोळा-सतरा वर्षं लागतील. गाडीचं रजिस्ट्रेशनच मुळात पंधरा वर्षांचं असतं. रोज ऐंशी किलोमीटर कापणाऱ्या माणसाचं गणित निराळं, त्यानं अ‍ॅव्हरेजसाठी जीव टाकावा. तुझे पैसे पंपावर कमी आणि दुसरीकडे जास्त जाणार आहेत. कुठे, ते पुढे सांगतो.

सीएनजीचं भूत आधी उतरवू, कारण ऑफिसातल्या प्रत्येकानं तुला तेच सांगितलं असणार. पेट्रोलपेक्षा सीएनजी मॉडेल साधारण नव्वद-पंच्याण्णव हजारांनी महाग पडतं. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २४ किलोमीटर धर, तर किलोमीटरला पावणेचार रुपये. पेट्रोलचे साडेसहा. किलोमीटरमागं पावणेतीन रुपये वाचतात, म्हणजे वरचे पंच्याण्णव हजार फिटायला चौतीस-पस्तीस हजार किलोमीटर पळावं लागेल. पंधराशेचं रनिंग असणाऱ्याचे दोन वर्षांच्या आत फिटतील, तुझे चार वर्षांनी. तुमच्या पंपावरचे भाव बघून आकडे बदल, पण हिशेबाची रीत हीच. शिवाय सीएनजीच्या रांगेत उभं राहणं आलं, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट आली, खंबाटकीचा घाट चढताना इंजिन दमल्यासारखं वाटणं आलं. आणि मला हसू येतं ते निराळ्याच गोष्टीचं. माणूस डिकीसाठी सेडान घेतो आणि त्याच डिकीत सिलिंडर बसवतो! टाटांनी टिगोरमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवून बरीच जागा राखलीय, तेवढं मानलं पाहिजे. तरीही तुझ्यासाठी सीएनजी नको.

आता ब्रोशरमधले आकडे. ते दाखवायचे दात. खोटे नसतात, पण ते रस्त्यावरचे नसतात. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करतात, एसी बंद, वेग ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे आणि तोही ताशी नव्वदच्या आत. त्यात ना कात्रजची चढण, ना मागच्या सीटवर तुझे आई-बाबा, ना डिकीतलं तांदळाचं पोतं. एका गाडीची दुसरीशी तुलना करायला हे आकडे ठीक. महिन्याचं बजेट त्यावर बेतू नकोस. खरा आकडा हवा तर स्टेशनबाहेर किंवा विमानतळावर पिवळ्या पाटीच्या गाड्या लागतात, तिथल्या ड्रायव्हरला विचार, "दादा, एसी लावून गावात किती देते?" ज्याचं पोट त्या आकड्यावर चालतं तो खोटं सांगत नाही. सोबत क्लच प्लेट कधी बदलली आणि किती खर्च आला, तेही विचारून घे.

तुझ्या ऐपतीत बसणाऱ्या सेडान सगळ्या चार मीटरच्या आतल्या. हे चार मीटरचं प्रकरण सरकारी कराचं आहे. २००६ मध्ये लहान गाड्यांवरचा अबकारी कर कमी झाला आणि कंपन्यांनी पट्टी घेऊन डिक्या कापायला सुरुवात केली. २००८ ची पहिली डिझायर चार मीटरपेक्षा लांब होती; २०१२ मध्ये तिची शेपूट छाटून आत आणली. आताही तेच. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, मोठ्या गाडीला ४०. त्यामुळे होंडा सिटी, व्हर्ना यांच्याकडे नव्या गाडीच्या बजेटमध्ये बघूच नकोस. अंथरूण पाहून पाय पसरायचे.

उरल्या डिझायर, अमेझ, ऑरा आणि टिगोर. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या डिझायरला तीन सिलिंडरचं इंजिन आहे, कागदावर मॅन्युअलला २४.७९. त्यानंतर महिन्याभरातच आलेल्या अमेझला चार सिलिंडरचं, कागदावर १८.६५. सहाचा फरक बघून लोक दचकतात. त्यातला निम्मा रस्त्यावर उरला असं धरलं, तरी तुझ्या रनिंगला महिन्याला सातशे रुपये होतात. चार सिलिंडरचं इंजिन सिग्नलला उभं असताना शांत असतं, तीन सिलिंडरचं थोडं थरथरतं. सातशे रुपये ती थरथर टाळायला मोजायचे की नाही, हे तुझ्या कानांनी ठरवायचं. नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले, ही मला तिची सगळ्यात मोठी बाजू वाटते. अमेझची डिकी ४१६ लिटरची, डिझायरची ३८२. ऑरा चालवायला हलकी, शहरात बरी. डिझेलचा विचार सोडून दे. या चौघींपैकी नवी आता कुठलीच डिझेलमध्ये येत नाही.

जुनी घ्यावी का? घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. तीन-चार वर्षं वापरलेली, सिंगल ओनर, सर्व्हिसिंगची नोंद कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सापडणारी गाडी मिळाली तर तिच्यासारखी बचत नाही. पासिंग आपल्याकडचंच बघ. दिल्लीहून स्वस्तात आलेल्या गाडीला एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या खेपा धरल्या की स्वस्ताई संपते. आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि गाडी आधी टॅक्सी पासिंगची होती का, हे ऑनलाइन तपास. डिझायर घेताना तर नक्कीच, कारण तिच्या बहिणी हजारोंनी टॅक्सीत पळतात. गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर तिचे रबरी पाइप, सील वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतात का, हे वर्कशॉपला विचारून घे. पंपावर आता तेच पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलात उष्णता कमी असल्यानं अ‍ॅव्हरेजही थोडा उतरतो.

मीटरवर विश्वास ठेवू नकोस. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर सांगतोय बावीस हजार, आणि चारही टायर २०२३ चे? टायर चाळीस-पन्नास हजार सहज जातात. मग बदलले कशाला, एवढाच प्रश्न शांतपणे विचार आणि समोरच्याचं तोंड बघ. क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगची वरची कडा चकाकतेय का, तेही बघ.

पुरातली गाडी मात्र ओळखायलाच हवी. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ ला चिपळुणात पाण्यात उभ्या राहिलेल्या किती गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील, देव जाणे. परफ्यूमचा घमघमाट असलेली गाडी दिसली की मी आधी काचा वर करून आत पाच मिनिटं बसतो. ओल दडत नाही. मग ड्रायव्हरचा पट्टा ओढायचा, नेहमीसारखा खांद्यापर्यंत नव्हे, रीळ संपून पुढे येईनासा होईपर्यंत. पाणी उतरताना गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या थरात गाळ ठेवून जातं. बाहेर दिसणारा हातभर पट्टा सगळे धुतात, आतला कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की चावी परत द्यायची. नंतर डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीखालचा खळगा बघायचा आणि सीटच्या रुळांवर बोट फिरवायचं. बोटाला तांबूस गंज लागला तर उत्तर मिळालं. इंजिन कितीही गोड वाजो, अशा गाडीची वायरिंग पुढच्या पावसाळ्यात रडवते.

आता तुझे पैसे खरे कुठे जातात ते. आठ लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज. सात वर्षांचा हप्ता बारा हजार आठशे सत्तर, चार वर्षांचा एकोणीस हजार नऊशे. सेल्समन सात वर्षांचाच हप्ता सांगणार, कारण तो ऐकायला बरा वाटतो. पण सात वर्षांत व्याज जातं दोन लाख ऐंशी हजार, चार वर्षांत एक लाख पंचावन्न हजार. मधला सव्वा लाख म्हणजे बाराशे लिटर पेट्रोल! अ‍ॅव्हरेजमधले दोन किलोमीटर मिळवायला बाजार पालथा घालणारी माणसं हे बाराशे लिटर एका सहीत देऊन येतात. वीस हजारांचा हप्ता झेपत नसेल तर कर्जाची वर्षं वाढवू नकोस, गाडीची किंमत कमी कर.

शोरूममध्ये आणखी थोडं सांभाळ. एक्स-शोरूम किंमत ऐकून खूश होऊ नकोस. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के रोड टॅक्स आहे, वर इन्शुरन्स. हँडलिंग चार्जेस नावाची ओळ दिसली की काट मारायला सांग. इन्शुरन्स त्यांच्याचकडून घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा भाव खिशात ठेवून बोल, आपोआप खाली येतात. टॉप मॉडेलचं सनरूफ आपल्या उन्हात वर्षातले दहा महिने झाकूनच ठेवावं लागतं. डिसेंबरात सूट मिळते, पण चेसिस नंबरावरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचार. यार्डात सहा महिने उभी असेल तर आणखी कमी करून माग. आणि नंबर पडायच्या आधी दिवसाउजेडी गाडी बघ, रात्रीच्या ट्यूबलाइटखाली नको.

गाडी आली की अ‍ॅव्हरेज स्वतः काढ, काचेवरच्या आकड्यावर विसंबू नकोस. टाकी फुल कर, नोझल पहिल्यांदा 'टक' झाला की थांबवायला सांग, मीटर शून्य कर. तीनशे-चारशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर त्याच रीतीनं परत फुल. जेवढं पेट्रोल बसलं त्यानं किलोमीटर भाग. टायरची हवा पंधरा दिवसांनी, गाडी गार असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. हायवेला नव्वदवर चालणारी गाडी एकशेदहावर पळवलीस तर पेट्रोल किती वाढतं, ते कराडच्या एका खेपेतच कळेल. डिकी गोदामासारखी भरून ठेवू नकोस, आपल्या गावाकडच्या स्पीडब्रेकरला सेडानचं पोट घासतं.

माझं मत विचारशील तर पेट्रोल, मॅन्युअल, मधलं मॉडेल, चार वर्षांचं कर्ज. डिझायर की अमेझ, ते दोन्हींच्या टेस्ट ड्राइव्हला आईला मागच्या सीटवर बसवून ठरव. दुखऱ्या गुडघ्यांनी तिला जी गाडी चढाय-उतरायला सोपी जाईल, तिचं बुकिंग कर.