आधी ऐकून घ्या



भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात गाठा, असे प्रभू येशू सांगतो (मत्तय १८:१५). आपण मात्र आधी शेजाऱ्याला सांगतो, मग मिस्सा सुटल्यावर चारचौघांत बोलतो. त्या भावाला शेवटी, तेही सांगितले तर!

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. तेथील सिस्टर जेराल्डिन यांना त्या मायेने 'आजीबाई' म्हणत. रमाबाई शाकाहारीच राहिल्या, त्रैक्याविषयी प्रश्न विचारीत राहिल्या. सिस्टरांना त्यात गर्व दिसला व पत्रांतून त्यांनी तसे सुनावले. सिस्टरांची माया खोटी नव्हती, पण रमाबाई दुखावल्या. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांनी मात्र त्याच शंका धीराने ऐकून घेतल्या.

बंधूची चूक दाखवणे हे प्रीतीचे कृत्य आहे, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. पण बोलल्याने तो अधिकच बिघडेल असे दिसले, तर थांबावे, हेही तेच सांगतात. हे दुसरे वाक्य आपण सहसा विसरतो.

दारूच्या नादी लागलेल्या भावाकडे सकाळी जा, तो शुद्धीवर असताना, एकटेच. मुलांदेखत विषय काढू नका. आणि बाटलीआधी सोयाबीनचे, कर्जाचे विचारा.