गाठी दिसतात, रक्त दिसत नाही

फ्रीगंजमधल्या एखाद्या टपरीवर अंगभर गाठी असलेला माणूस चहाला येऊन बसला की शेजारचं बाकडं हळूच रिकामं होतं. आमच्या माधव नगरातल्या मराठी घरांतली जुनी माणसं दबक्या आवाजात म्हणतात, 'रक्तपिती'. शब्द चुकीचा आहे. रक्तपिती म्हणजे कुष्ठरोग. तो जंतूमुळे होतो आणि औषधांनी बरा होतो. हा आजार न्यूरोफायब्रोमॅटोसिस, आणि तो कुणाचा कुणाला लागत नाही. ६ नोव्हेंबर २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर चौकात असाच एक माणूस कवेत घेतला. आजार लागत नाही हे पोपना माहीत नव्हतं, तरी ते कचरले नाहीत, असं त्या माणसाने पुढे सांगितलं.

पण चुकीच्या त्या शब्दात 'रक्त' आहे, आणि या आजाराची सगळ्यात कमी माहिती असलेली बाजू रक्ताचीच आहे.

फ्रीडरिख फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी १८८२ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. त्याचा पहिला प्रकार साधारण ३,००० जन्मांमागे एका बाळात आढळतो. लहानपणी अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग, पुढे गाठी. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो, म्हणजे 'आईकडून आला की बापाकडून' हे भांडण बऱ्याचदा फुकटचं.

मराठीत आपण मज्जातंतूलाही नस म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही. एरवी हा ढिसाळपणा. इथे मात्र तो खरा ठरतो. १७व्या गुणसूत्रावरचं एक जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन बनवतं. लगाम सुटला की मज्जातंतूंवर गाठी येतात. पण तोच लगाम रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही लागतो. तिथे भिंत कुठे जाड होऊन वाट अरुंद होते, कुठे पातळ होऊन फुगते. कधी गाठच भिंतीत शिरून तिला ठिसूळ करते. अशी धमनी क्वचित, काही मार न लागताही, फुटते. छातीत फुटली तर लिटर-दोन लिटर रक्त फुफ्फुसाभोवती साठतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं पाचेक लिटर, म्हणजे हिशोब आपणच करावा.

दिसतं ते एवढंच: छातीत, पाठीत किंवा खांद्यात अचानक कळ, धाप, गार घाम, पांढरा पडलेला चेहरा, जलद नाडी. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल. एक्स-रेमध्ये छातीत पाणी झाल्यासारखं वाटतं, पण ते रक्त असू शकतं. शस्त्रक्रियाही अवघड, कारण ठिसूळ भिंतीत टाका धरत नाही. म्हणून शक्य तिथे बारीक नळी रक्तवाहिनीतून आत नेऊन फुटलेली जागा आतूनच बंद करतात.

हे सगळं दुर्मिळ आहे, उगाच कुणाला घाबरवायचं नाही. वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा, कारण या आजारात तो तरुणपणीही वाढू शकतो. आणि अशी कळ आलीच तर १०८ला फोन करावा. पेशंट माधव नगरच्या सरकारी दवाखान्यात जावो की पुढे इंदूरला, बरोबरच्या माणसाने तिथे पहिलं वाक्य हेच बोलावं: "यांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस आहे, आत रक्तस्राव होत नाही ना, बघा." गाठी डॉक्टरांना दिसतीलच, असं धरून बसू नये, पुष्कळदा त्या शर्टाखाली झाकलेल्या असतात, आणि झाकायची सवय आपणच लावलेली असते.