डोक्यावर विमान, पायाखाली मीठ

प्रश्न : पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून विमान जातं, तो व्हिडिओ मोबाईलवर सारखा येतो. ते बेट अर्धं फ्रान्सचं, अर्धं हॉलंडचं म्हणे. एवढ्याशा बेटाची वाटणी कशासाठी?
– एक वाचक, वसई

उत्तर : मिठासाठी. वसईकरांना मिठागरांचं मोल वेगळं सांगायला नको.

कॅरिबियनमधलं हे बेट सेंट मार्टिन, जेमतेम 87 चौरस किलोमीटरचं. हेरिंग मासा खारवायला डचांना मीठ हवं होतं आणि इथल्या खाजणात ते आयतं पिकायचं. 1633 मध्ये स्पेनने बेट हिसकावलं. 1644 मध्ये ते परत घ्यायला आलेल्या पीटर स्टायव्हसंटचा पाय तोफगोळ्याने गेला. हाच गडी पुढे आजच्या न्यूयॉर्कचा डच गव्हर्नर झाला. स्पॅनिश निघून गेल्यावर 23 मार्च 1648 रोजी फ्रेंच आणि डचांनी तह करून बेट वाटून घेतलं. एक फ्रेंच आणि एक डच किनाऱ्याने उलट दिशांना चालत सुटले, डच जिन पीत रेंगाळला म्हणून त्याला कमी जमीन मिळाली, ही गोष्ट गाइड रंगवून सांगतात. ऐकावी आणि सोडून द्यावी.

मीठ काढलं ते गुलामांनी, गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून. फ्रेंचांनी 1848 मध्ये गुलामी रद्द केली, डचांनी थेट 1863 मध्ये. मधली पंधरा वर्षं एका टेकडीअलीकडे माणूस मालमत्ता आणि पलीकडे मोकळा! साहजिकच लोक हद्द ओलांडून पळाले. आज त्या हद्दीवर साधी चौकीही नाही.

डच बाजूने 1939 मध्ये जकात उठवली, म्हणून क्रूझवाले फिलिप्सबर्गला खरेदीसाठी उतरतात. तिथल्या फ्रंट स्ट्रीटवर दागिने आणि घड्याळांच्या दुकानांत सिंधी व्यापारी भेटतात. दुकानांच्या मागे दोन-तीन गल्ल्या ओलांडल्या की तेच मिठाचं तळं.

विमानाचं म्हणाल तर धावपट्टी महायुद्धातली, 2300 मीटरची, आणि माहो बीचला अगदी खेटून. त्यामुळे विमान वाळूवरूनच खाली येतं. उतरणारं विमान खुशाल पाहा, पण उड्डाणाच्या वेळी कुंपणाला लटकू नका. 2017 मध्ये इंजिनाच्या झोताने एका पर्यटक बाईचा तिथे जीव गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात इर्मा चक्रीवादळाने विमानतळाचं छप्परही उडवलं.

जाणार असाल तर इस्त्री घरीच ठेवा: फ्रेंच बाजूला वीज 220 व्होल्टची, डच बाजूला 110.