सीटखालची वायर

पेरुंगुडीत हिरवळ राखायची म्हणजे निसर्गाशी रोज वाद घालायचा. चेन्नईच्या दक्षिणेला ओएमआर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत हा भाग आहे आणि त्याच्या पाठीशी पळ्ळीकरणैची दलदल. २०२२ मध्ये दलदलीला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, पण तोवर तिच्या काठाकाठानं आयटी पार्क, इस्पितळं आणि निवासी मनोरे उभे राहिले होते. शहराचा कचरा डेपोही तिच्यातच. पावसाळ्यात इथं हातभर खणलं तरी पाणी लागतं. अशा जमिनीवर, काचेच्या इमारतींपुढे, गालिचासारखं गवत हवं असतं सगळ्यांना. अशाच एका कॅम्पसच्या देखभालीचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या कामासोबत गवत कापायचा, बसून चालवायचा मोवरही आला.

मी कोल्हापूरकडचा. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, उसाचा चरक यांच्याबद्दलची भीती आम्हाला लहानपणापासून असते, कारण गावात कुणाचा ना कुणाचा हात गेलेला असतो. मोवरची भीती मात्र कुणालाच वाटत नाही. गुडघाभर चाकं, मऊ सीट, कप ठेवायला खाच. कॅम्पसमधले लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात. त्या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या यंत्राच्या पोटाखाली दोन पाती मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेऱ्या मारत असतात. साधारण २१ इंची पात्याच्या टोकाचा वेग त्या हिशेबानं ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जातो. त्याच्या वाटेत सुपारीएवढा खडा आला तर तो कुठं जाईल, हे डेकच्या, म्हणजे पात्यांवरच्या कवचाच्या, बाजूचं झाकण ठरवतं. झाकण काढून ठेवलं असेल तर पार्किंगमधल्या गाडीची काच ठरवते.

बहुतेक राइड-ऑन मोवरच्या सीटखाली एक छोटा स्विच असतो. माणूस बसलेला असताना तो दाबलेला राहतो. पाती फिरत असताना माणूस उठला की इंजिन बंद, पाती बंद. बाकी सगळं यंत्र गवतासाठी आहे, हा एक स्विच माणसासाठी. आणि आपल्याकडे सगळ्यात आधी निकामी केला जातो तो हाच.

आमच्या मशीनचा स्विच माझ्या आधीच्या काळातच गेला होता. कारण ऐकलं तर कुणालाही पटेल. चालवणारे अण्णा अंगानं किरकोळ, जमीन खाचखळग्यांची. प्रत्येक धक्क्याला ते सीटवरून उडायचे आणि इंजिन बंद पडायचं. त्यात समुद्राची खारी हवा. स्विचच्या टोकांवर हिरवा गंज चढायचा आणि माणूस बसलेला असूनही मशीनला तो दिसायचा नाही. “अदुवा निन्नुडुदु सार,” आपोआप थांबतं साहेब, अशी अण्णांची रोजची तक्रार. कुठल्याशा मेकॅनिकनं प्लग उपसला, दोन वायरी पिळून एक केल्या, वर काळी टेप गुंडाळली. तक्रार मिटली. कामाच्या वहीत नोंद एवढीच: “स्टार्टिंग प्रॉब्लेम सॉल्व्ड.”

एका सकाळी बांधकामावरून उडून आलेली हिरवी जाळी गवतात पडली होती. ती डेकखाली गेली, आवाज बदलला. अण्णांनी मशीन उभं केलं, खाली उतरले आणि बाजूनं डोकावणारं जाळीचं टोक धरून ओढलं. स्विच शाबूत असता तर ते उठताच इंजिन बंद पडलं असतं. पाती फिरत होती. जाळी त्यांच्या हाताला वेढा घालून आत गेली. मधल्या बोटाचं पेर गेलं. शेजारचं बोट डॉक्टरांनी वाचवलं. मी पोहोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं, कारण ते कुणी बंद करावं हे कुणाला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी सीट उचलली. टेप उन्हानं चिकट झालेली, धूळ बसलेली, आत तांब्याची पिळलेली जोडी. कुणाला दोष द्यायचा यावर नंतर बरीच कागदपत्रं रंगली, ती बाजूला ठेवतो. पण तेव्हापासून कुठलंही मशीन ताब्यात घेताना मी हातात डिलिव्हरी चलन घेण्याआधी सीट उलटतो.

तुमच्याकडे असं मशीन असेल, सोसायटीचं, शाळेच्या मैदानाचं, फार्महाऊसवरचं, तर रोज सुरू करण्याआधी तीन गोष्टी करून बघा. वेळ लागतो चहा निवण्याइतका. पात्यांचं बटण ओढलेलं ठेवून चावी फिरवा. इंजिन सुरू व्हायला नको. ब्रेक न लावता चावी फिरवा; तरी सुरू व्हायला नको. मग मोकळ्या जागी, आसपास कुणी नसताना, पाती चालू करून जागच्या जागी सीटवरून थोडं उठा, पाय पायदानावर आणि हात स्टिअरिंगवरच ठेवून. इंजिन बंद पडलं पाहिजे. तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी मशीन शेडमध्ये. गवत दोन बोटं वाढलं म्हणून काही बिघडत नाही.

आणि मशीन खरंच वारंवार थांबत असेल तर? थांबण्याचं कारण शोधा, थांबण्याची सोय मोडू नका. आम्ही नवा स्विच बसवला, टोकांना विजेच्या जोडांसाठी मिळणारं ग्रीस लावलं, सीटची स्प्रिंग अण्णांच्या वजनाला जुळवून घेतली. खरा दोष जमिनीतच निघाला. स्प्रिंकलरचे खचलेले चौकोनी डबे, मुंग्यांची वारुळं, पावसानं खचलेले भाग. ते भरून घेतल्यावर अण्णा उडायचे थांबले. मशीनच्या तक्रारीचं उत्तर फावड्यात होतं.

पाती बंद केली म्हणजे लगेच थांबतात, असंही समजू नये. अमेरिकेत ढकलायच्या मोवरसाठी १९८२ पासून नियम आहे की हँडल सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. बसून चालवायच्या मशीनची पाती त्याहून रेंगाळू शकतात, आणि पट्टा किंवा क्लचचा ब्रेक झिजला असेल तर आणखी. म्हणून क्रम असा: पाती बंद, ब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात, आवाज पूर्ण थांबेपर्यंत वाट, मग उतरायचं. डेकखाली हात घालायचा असेल तर स्पार्क प्लगची टोपीही काढायची, कारण पातं हातानं फिरवताना इंजिनही फिरू शकतं आणि एक ठिणगी पुरते. अडकलेलं काहीही काढायला हात नको, काठी घ्या. आमच्या शेडच्या दाराला आता एक बांबूची काठी टांगलेली असते. तिचा दुसरा उपयोग साप हुसकायला होतो.

सापांवरून आठवलं. कापणीआधी संपूर्ण लॉनवरून चालून येणं हे आमच्याकडे अण्णांचं काम नाही, तंबीचं आहे. म्हणजे मदतनीस मुलाचं. दगड, बाटल्या, केबल टाय, वायरींचे तुकडे. ओएमआरवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून खडी आणि खिळे कुठून कुठून येतात देव जाणे. डिसेंबर २०२३ च्या मिचौंग वादळात हा सगळा पट्टा पाण्याखाली होता. पाणी ओसरलं तेव्हा गवतात चपलांपासून लोखंडी पट्ट्यांपर्यंत सगळं रुतलेलं होतं. अशा वेळी पहिली कापणी मोवरनं करायचीच नाही. कापणी सुरू झाली की गायबगळे येतात, मशीनच्या मागे उडणारे किडे टिपायला, अगदी चाकाजवळ. पहिल्यांदा बघणाऱ्याला मौज वाटते. अण्णा त्यांना हाकलत नाहीत, त्यांच्यासाठी वळणही घेत नाहीत. फक्त वेग कमी ठेवतात. त्यांचं म्हणणं, बगळा शहाणा असतो, माणसाचं पोर नसतं.

पोरांबद्दल मात्र काहीही ऐकून घेऊ नका. फॅमिली डे असला की कुणीतरी बाबा आपल्या लेकराला ऑपरेटरच्या मांडीवर बसवून फोटो काढायला येतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: १६ वर्षांखालच्या मुलानं असं मशीन चालवू नये आणि कुणाही मुलाला त्यावर बसवून फिरवू नये. मांडीवरून एकदा फेरी मारलेलं मूल पुढच्या वेळी आवाज ऐकून मशीनच्या मागून धावत येतं, आणि रिव्हर्स घेणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणूनच अनेक मशीन रिव्हर्समध्ये पाती बंद करतात. त्या सोयीलाही बगल देणारी चावी काही मॉडेलमध्ये मिळते. ती चावी मी कपाटात ठेवली आहे.

आता उतार. पेरुंगुडी सपाट आहे, पण पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यांचे बांध प्रत्येक कॅम्पसमध्ये असतात, आणि मशीन उलटतं ते तिथंच. बहुतेक माहितीपुस्तिका १५ अंशांची मर्यादा सांगतात. काही १० अंशांचीच. १५ अंश म्हणजे मीटरभर पुढं जाताना साधारण २७ सेंटीमीटर चढ. डोळ्यांना तो किरकोळ वाटतो. मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप एका फळीवर ठेवून मोजा. बसून चालवायचं मशीन उतारावर वर-खाली न्यायचं, आडवं नाही. ढकलायचा मोवर नेमका उलट, आडवा चालवायचा. आणि पाण्याच्या काठापासून दोन मशीनची रुंदी सोडून द्यायची. त्या पट्ट्यातलं गवत ब्रश कटरनं कापतात, नाहीतर वाढू देतात. बांधावर वाढलेलं गवत मला आताशा देखणंही वाटू लागलंय.

देखभालीतल्या दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होतं म्हणून सांगतो. एक, टायर. या मशीनच्या टायरमध्ये हवा अगदी कमी लागते, १० ते १४ पीएसआयच्या आसपास. तंबी चाक घेऊन रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जातो आणि तो सवयीनं स्कूटरइतकी भरून देतो. मग मशीन चेंडूसारखं उसळतं, पकड सुटते, डेक एका बाजूला झुकतो आणि गवतावर पायऱ्या पडतात. हवा भरायचा छोटा पायपंप आणि गेज शेडमध्येच ठेवा. दोन, पेट्रोल. हल्ली पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. मोवरची बरीच छोटी इंजिनं १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनवलेली असतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि चेन्नईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. महिनाभर उभ्या मशीनचा कार्ब्युरेटर चिकटतो, रबरी नळ्या फुगतात. विकत घेतानाच पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा बघा. पेट्रोल थोडं आणा, ताजं आणा, आणि मशीन बरेच दिवस उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन चालवून कार्ब्युरेटर कोरडा करा. साठा करायचा मोह नको; १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात परवान्याशिवाय पेट्रोल ठेवायची सूट ३० लिटरपर्यंतच आहे, तीही विक्रीसाठी नसेल तर. पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाही. आणि मेच्या दुपारी, गरम इंजिनावर टाकी भरणाऱ्याला सुट्टी द्या.

बाकीचं पुस्तिकेतलंच: तेल रोज बघणं, एअर फिल्टर झटकणं, पात्याला धार लावणं. धार लावून झाली की पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून बघायचं. एक बाजू खाली गेली तर ती जड आहे, तिथं अजून घासायचं. असमतोल पात्यानं सगळं मशीन थरथरतं आणि नट सैल होतात. डेकखाली काम करताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, लाकडी ठोकळे लावा.

आयुधपूजेला मशीनची मोठी सर्व्हिस करायची प्रथा आम्ही पाडली. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारं पुजतात, तीच तिथी. अण्णा मशीनला चंदन-कुंकू लावतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, झेंडूचा हार घालतात. पूजेआधी पट्टे, बॅटरी, स्विच, सगळं तपासून होतं, कारण देवासमोर ठेवायचं मशीन अर्धवट कसं ठेवणार, हे अण्णांना मनापासून पटतं. माझी एकच भर: सुरू करण्याआधी हार काढायचा. झेंडूचा दोरा पट्ट्यात गुंतला की पूजा वर्कशॉपमध्ये पुरी होते.

बरे झाल्यावर अण्णा त्याच मशीनवर परत आले. आम्ही फक्त एक ठरवून घेतलं: जमीन ओली आहे की नाही, हे तेच सांगतील, ऑफिस नाही. मागच्या ईशान्य मान्सूनात एका मोठ्या पाहुण्यांची भेट ठरली आणि आदल्या दिवशी मेल आली की हिरवळ संध्याकाळपर्यंत कापलेली हवी. अण्णांनी बुटाची टाच जमिनीत दाबली, खड्ड्यात पाणी चढलं, आणि त्यांनी मान हलवली. मी उत्तर पाठवलं: शुक्रवारी. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, त्याच वाढलेल्या गवतावर उभे राहिले, फोटो काढून घेतले आणि जेवायला आत गेले. गवताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.