भेदरलेल्या कुत्र्याचे सामुदायिक प्रशिक्षण

गुन्हेगाराचा माग काढणारे पोलीस दलातील श्वान सर्वांच्या परिचयाचे आहेत. मात्र घरी पाळलेल्या कुत्र्यालाही शिस्तीची तितकीच आवश्यकता असते. त्यासाठी शहरांतून सामुदायिक प्रशिक्षणवर्ग चालतात. अशा वर्गात एखादे कुत्रे सारखे भुंकते, दोरीला हिसके देते किंवा मालकाच्या पायांमागे दडते. ‘हे शिकण्यातले नव्हे’ असा शिक्का त्याच्यावर बसतो आणि पुढे ते रस्त्यावर सोडले जाण्याचीही भीती असते. पाळीव प्राण्याला उपाशी मरण्यासाठी असे वाऱ्यावर सोडणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे. शिवाय भेदरलेले कुत्रे बचावापोटी चावते. हा प्रश्न म्हणूनच केवळ मालकापुरता मर्यादित राहत नाही.

अवज्ञा नव्हे, भय

झोप आलेली नसता जांभया देणे, वारंवार ओठ चाटणे, शेपूट पोटाशी घेणे ही भयाची लक्षणे होत. आवडीचा खाऊही कुत्रे नाकारू लागले, म्हणजे भय त्याच्या सहनशक्तीपलीकडे गेले असे समजावे. त्या अवस्थेत आज्ञा कितीही मोठ्याने दिली, तरी ती व्यर्थ होय. जॉन स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पिल्लाच्या वयाचे सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस समाजाशी ओळख होण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असल्याचे दाखविले. या काळात जे एकलकोंडे वाढले, त्याला गर्दी परकीच वाटणार.

अंतर हाच उपाय

अशा कुत्र्याला प्रारंभी मैदानाच्या कडेला, इतर कुत्री दिसतील पण भय वाटणार नाही इतक्या अंतरावर उभे करावे. त्याने दुसऱ्या कुत्र्याकडे शांतपणे पाहताच लगेच खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. ‘दुसरे कुत्रे दिसले की खाऊ मिळतो’ असे साहचर्य त्याच्या मनात हळूहळू रुजते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांतून सिद्ध झालेले तत्त्व ते हेच. कुत्रे निश्चिंत दिसू लागल्यावरच अंतर थोडे कमी करावे; बिचकल्यास पुन्हा मागे न्यावे.

वर्ग भरण्यापूर्वी येऊन जागेची ओळख करून देणे, ‘बस’, ‘थांब’ या आज्ञा आधी घरी पक्क्या करणे, आडोशासाठी पडदा लावणे आणि पाच मिनिटांच्या सरावानंतर विश्रांती देणे हेही उपयुक्त ठरते. मारणे वा गळपट्ट्याला हिसका देणे कटाक्षाने टाळावे. त्यामुळे इतर कुत्री आणि वेदना यांचीच सांगड बसते. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२१ मध्ये सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतीचीच शिफारस केली आहे.

वर्गात आणण्यापूर्वी रेबीजप्रतिबंधक लस टोचून घेणे अगत्याचे आहे. भय कमी होत नसल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. शाळेतील बुजऱ्या मुलाला शिक्षक ज्या धीराने वर्गात सामावून घेतात, तोच धीर येथेही फलदायी ठरतो.