एक पेढी, दोन धंदे : संकेतस्थळाची मांडणी

आपल्या मंडळींत एकाच पाटीखाली दोन धंदे चालविणाऱ्या पेढ्या पुष्कळ आहेत. समजा, एका पेढीत पंपांची विक्री-दुरुस्ती होते आणि लग्नाचा मंडपही भाड्याने मिळतो. तिचे संकेतस्थळ कसे मांडावे ?

वर्गीकरण शिकविताना आम्ही मुलांना प्रथम विचारतो, “हे वर्ग कोणाच्या सोयीसाठी ?” येथेही प्रश्न तोच आहे. मालकाला दोन्ही धंदे आपलेच वाटतात; परंतु ऐन हंगामात पंप बंद पडलेल्या शेतकऱ्याला मंडपाची रोषणाई दिसली, तर तो आल्या पावली परत जातो.

मांडणीचे मुख्य प्रकार तीन.

पहिला : एकच पत्ता, आत दोन दालने. खर्च एक, देखभाल एक, आणि पेढीचा लौकिक दोन्ही धंद्यांच्या उपयोगी पडतो.

दुसरा : मूळ पत्त्याला जोडलेला उपपत्ता. फ्रान्समधील मिशेलिन ही टायर बनविणारी कंपनी १८८९ साली निघाली. तिने १९०० साली मोटारप्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. आज त्या मार्गदर्शिकेचे संकेतस्थळ ‘गाइड.मिशेलिन.कॉम’ या उपपत्त्यावर आहे. नाव एक, वाचक मात्र निराळा.

तिसरा : दोन स्वतंत्र पत्ते. जपानमधील यामाहाचा मूळ व्यवसाय वाद्यांचा. मोटारसायकलींसाठी १९५५ साली वेगळी कंपनी निघाली. आज दोघींची संकेतस्थळेही वेगळी आहेत.

लहान पेढीला आमच्या मते पहिला प्रकार बरा. दोन घरे झाडायला माणसे नसतील, तर दोन्हींत धूळ साचते. मुखपृष्ठावर दोनच ठळक दारे असावीत : ‘पंप’ आणि ‘मंडप’. प्रत्येक दालनात त्याचीच चित्रे, दर आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा. पेढीचा इतिहास व दुकानाच्या वेळा सामाईक ठेवाव्यात. प्रत्येक पानावरून दुसऱ्या दालनात जाण्याची वाट असावी. एका पानावर एकच विषय ठेवला, म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्रालाही ते पान कशाविषयी आहे हे नीट उमगते.

पुढे धंदा वाढला व पत्ते बदलावे लागले, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वळवणी ठेवावी; तांत्रिक भाषेत तिचा क्रमांक ३०१. ती नसली, तर जुने गिऱ्हाईक बंद दारावर येऊन थांबते.

सारांश, हिशेबाच्या वह्या मालकासाठी असतात, संकेतस्थळ गिऱ्हाइकासाठी. त्याला पहिल्याच पावलाला आपले दार दिसले पाहिजे.